पट्टीत खोट निघावी म्हणून

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (उजवा खांदा आठवडाभर धरलाय, तेव्हा तूर्त सात अंगांचा गोड मानून घ्यावा. आठवं प्रत्यक्ष येऊन घालीन.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, खरं सांगायचं तर इकडे मी सोडून सर्व क्षेम आहे. आपली प्रकृती कशी आहे? हे मी दर पत्रात विचारते आणि तुम्ही दर वेळी "ठणठणीत" या एका शब्दात मला वाटेला लावता. या वेळी मी रीत म्हणून विचारत नाहीये, उत्तर हवंय म्हणून विचारतेय. तेव्हा तो शब्द न वापरता, दम लागतो का, छातीत धडधडतं का, शिडीवर असताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, असं मुद्देसूद कळवावं. आणि मामी, तू हे पत्र मोठ्याने वाचून दाखवत असशील तर इथे जरा थांब आणि मामांच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणारच. गेल्या महिन्यात मी तुम्हाला चार वेळा फोन केला. चारही वेळा मनात एक होतं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. तिसऱ्या वेळी तर मी तुम्हाला विचारलं की पंख्याचा रेग्युलेटर गरम होतो, काय करू? एरवी "जेवलीस का" एवढं विचारून उत्तराच्या आत फोन मामीकडे देणारे तुम्ही, त्या रेग्युलेटरवर वीस मिनिटं बोललात. (मामा, माझ्या खोलीत पंखाच नाही.) शेवटी ठरवलं की लिहावं. स्विचच्या खोक्यातला सूचनांचा कागदसुद्धा तुम्ही चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. माझंही तसंच वाचाल अशी आशा आहे.

तर विषय त्या पट्टीचा. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले होते तेव्हा मी तुमच्या छातीवर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ निळसर पट्टी चिकटवली होती, जिला तुम्ही दोन दिवस "मलमपट्टी" म्हणत होतात. ती काय आहे हे तेव्हा मी सांगायला घेतलं आणि तुम्ही मधेच ड्रिल सुरू केलंत, म्हणून आता सांगते. तारेवर प्लास्टिक कशाला असतं, तर वीज अडवायला, हे मी सात वर्षांची असताना तुम्हीच मला शिकवलंत. आणि मी पोट भरते ते वीज वाहून नेणारं प्लास्टिक बनवून. ते गडद निळ्या शाईसारखं असतं, कपड्यावर सांडलं की कपडा गेला. त्याच्या जोडीला चांदीच्या तारा. पाकासारखा घट्ट द्रव तापवायचा, त्यात चांदीचा क्षार थेंब थेंब सोडायचा, चिमटीच्या शंभराव्या भागाएवढं साधं मीठ टाकायचं, आणि मग तासभर श्वास रोखून बघत बसायचं. सगळं जमलं तर द्रव करडा होतो आणि ढवळला की रेशमासारखा चमकतो. (नाही जमलं तर तपकिरी चिखल होतो. आमच्याकडे चिखलाच्या बाटल्या जास्त आहेत.) केसाच्या जाडीत अशा हजारएक तारा शेजारी शेजारी मावतील. त्या ताणल्या जाणाऱ्या पातळ पडद्यावर गवताच्या काड्यांसारख्या पसरायच्या, वरून निळ्या शाईचा हात फिरवायचा, की झाली पट्टी. माणूस वाकला, ताणला, घामाघूम झाला तरी ती कातडीला धरून राहते आणि हृदयाचा प्रत्येक ठोका लिहून ठेवते. माझ्या बोटांची टोकं काळी का, हे मामीने विचारलं होतं. चांदीच्या क्षाराने डाग पडतात ते साबणाने जात नाहीत, कातडी बदलेल तेव्हाच जातात. मी कोळशाच्या वखारीत कामाला लागलेली नाही.

तुम्ही तेव्हा दोन गोष्टी म्हणालात. एक, जी तार दिसत नाही तिला टेस्टर लावणार कुठे. आणि दोन, ती चाळीस वर्षांची तुमची शिकवण, की फॉल्ट तारेत नसतो, जॉइंटमध्ये असतो. पहिलं मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्याने माझा महिना खाल्ला. कारण मामा, त्या एवढ्याशा पट्टीत एक तार दुसरीला जिथे ओलांडते तिथे जॉइंट असतो, आणि असे जॉइंट कोट्यवधी असतात.

तुम्ही छातीवरच्या केसांना रेझर लावू दिला नाहीत, पण पट्टी इमानाने दोन दिवस लावून कामावर गेलात, ते मी विसरणार नाही. इकडे परत आल्यावर मी पट्टीच्या कडेला असलेली, ठोके साठवणारी ती बटणाएवढी डबी संगणकाला जोडली आणि तुमचे दोन दिवस पडद्यावर उलगडून बसले. पहिला दिवस अगदी शिस्तीचा. तुम्ही जिना चढलात ते कळतं, दुपारी आडवे झालात ते कळतं, मामीशी वाद घातलात तेही बहुतेक कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन चाळीसला मात्र ठोके एकदम वाटेल तसे पडायला लागले. दोन जवळ, एक लांब, तीन घाईत, मग थांबून पुन्हा एक. अकरा मिनिटं हाच गोंधळ, त्यानंतर तीन सेकंद काहीच नाही, आणि मग पुन्हा जसं काही झालंच नाही असे ठोके शिस्तीत सुरू. मी हसले. म्हटलं, गेला जॉइंट. मग चहा घेऊन आले, पुन्हा बघितलं, आणि माझी पाचावर धारण बसली. मामा, यात दोनच शक्यता आहेत. एक तर माझी पट्टी बिघडली, नाहीतर तुम्ही. तेव्हापासून, आपली वस्तू नादुरुस्त निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली जगातली पहिली संशोधक मी असेन.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचही येत होता, अंगणही सरळ होतं, आणि मी मात्र कुदळ घेऊन ते वाकडं करायला निघाले होते. पहिला संशय घामावर. निळी शाई ओल पितेच. मिठाचं पाणी करून पट्टी त्यात दोन दिवस बुडवून ठेवली. ती थोडी फुगली, पण स्वतःला लावून बघितली तर ठोक्यांत फरक नाही. मग वाटलं, तुम्ही शिडीवर वाकडेतिकडे होता, तेव्हा ताणली गेली असेल. आमच्याकडे पट्टी ओढायचं आणि सोडायचं एक यंत्र आहे, ते दर ओढीला कण्हतं. त्यावर ती दहा हजार वेळा ताणली. दिवसभर ते कण्हणं ऐकून पलीकडच्या खोलीतल्या माणसाने दारावर चिठ्ठी लावली की आजाऱ्याला घरी न्यावं. मग आठवलं की पहिल्या रात्री अंघोळीपुरती पट्टी तुम्ही सोलून हत्यारांच्या पिशवीत रबरी हातमोज्यांजवळ टाकली होती. रबराच्या संगतीत चांदी काळवंडते, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मला एवढा आनंद झाला की मी जेवण टाकून धावले, पट्टीचा कोपरा कापला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मामा, तारा लखलखत होत्या. इतक्या सुंदर तारा मी जन्मात बनवल्या नव्हत्या, आणि मी त्या बघून हिरमुसून खुर्चीत बसले.

राहता राहिली वीज. तुम्ही दिवसभर चालू पॅनेलला नाक लावून उभे असता, तेव्हा तिथली गुणगुण पट्टीत शिरली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. खात्री करायला म्हणून स्वतःला पट्टी लावून आमच्या इमारतीच्या तळघरात स्विचरूममध्ये गेले आणि मोठ्या पॅनेलला जमेल तेवढी बिलगून अकरा मिनिटं उभी राहिले. (पॅनेल बंद दाराचं होतं, मामी, ओरडू नकोस.) दहाव्या मिनिटाला पहारेकरी आला. मी पॅनेलला मिठी मारून डोळे मिटून उभी आहे, हे बघून तो बिचारा इतक्या हळू आवाजात बोलायला लागला, जशी मी गच्चीच्या कठड्यावरच उभी आहे. म्हणाला, ताई, घरी कोणाशी भांडण झालं का, सगळं ठीक होतं हो. मी त्याला पट्टी दाखवली तर म्हणाला, जखम खोल आहे का? नोंदीत गुणगुण आली होती, नाही असं नाही. पण ती शहाण्यासारखी एका लयीत होती. तुमच्या त्या अकरा मिनिटांना लय नव्हती.

आता आमच्या दशांशबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दशांश हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा मोजमापवाला. किती वाजले विचारलं तर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगतो, म्हणून हे नाव. तो म्हणाला, एकाच माणसावरून काय ठरवतेस, हीच पट्टी दहाजणांना लाव. मग कोपरा कापून उरलेली पट्टी घेऊन मी इमारतभर फिरले. लिफ्टवाले काका, उपाहारगृहातल्या आचारीणबाई, आमच्या विभागप्रमुख बाई, जो सापडेल तो. सगळे सरळ. शेवटी दशांशला लावली आणि पडद्याकडे बघत बसलो. बहात्तर, बहात्तर, एकाहत्तर. इतक्यात ग्रंथालयातल्या मॅडम एक पुस्तक परत मागायला आत आल्या आणि पडद्यावर आकडा एकशे चौदा झाला. त्या गेल्या, अठ्ठ्याहत्तर. पेन विसरलं म्हणून परत आल्या, एकशे एकवीस. खोलीत आम्ही पाचजण होतो आणि पाचही जण पडद्याकडे बघत होतो, मॅडमसुद्धा. दशांशने पट्टी खसकन ओढून काढली (त्याच्याही छातीवर केस आहेत, किंचाळला) आणि सदोष उपकरण म्हणून जाहीर केलं. माझ्या बाजूने बोलणारा जगात तो एकटाच, पण त्याचे कान इतके लाल झाले होते की त्याची साक्ष धरता येईना. पुढच्या आठवड्यात दोघं चहा प्यायला गेले. म्हणजे पट्टी तिथेही बरोबरच निघाली.

याच सुमारास मामीचा फोन आला. बोलता बोलता ती सहज म्हणाली, परवा गोदामाच्या कामावर डबा द्यायला गेले, तर हे शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मधेच बसून राहिलेले, विचारलं तर म्हणे हवा खातोय. मामा, बंद गोदामात, बिनखिडकीच्या भिंतीजवळ, तुम्ही हवा खात होतात? मी फोनवर "हो का" म्हटलं आणि ठेवला. त्या दिवशी मी पुन्हा पट्टी यंत्राला लावली आणि आणखी दहा हजार वेळा ओढली. साप साप म्हणून भुई धोपटायची तरी किती. मला कळत होतं हो. पण जोवर मी फॉल्ट शोधतेय तोवर तो फॉल्ट पट्टीतच आहे, असं काहीतरी मी डोक्यात धरून बसले होते. मला भीती वाटत होती. वडील गेल्यावर मला सायकल, फ्यूज आणि माणसं या तिन्ही गोष्टी तुम्ही शिकवल्यात, आणि तुम्हाला काही होऊ शकतं हे मला खपत नव्हतं.

परवा पट्टीची परीक्षा होती. रुग्णांना ही पट्टी लावायला परवानगी द्यावी की नाही, हे ठरवायला बाहेरून पाचजण आले होते. आमच्या विभागप्रमुख बाईंनी नवी कोरी साडी नेसून पट्टीचं असं वर्णन केलं की मुलीला बघायला आलेल्या मंडळींपुढे आईसुद्धा करणार नाही. पाचही जण माना डोलावत होते. मग त्यांच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी, त्या हृदयाच्या डॉक्टर आहेत, विचारलं की हिच्यात दोष काही? बाई हसून नाही म्हणणार तेवढ्यात मी उभी राहिले. आहे म्हटलं. एका ठिकाणी हिने धडधडीत खोटे ठोके दाखवलेत. बाईंचा चेहरा असा झाला की मी तो वर्णन करणार नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. मी तुमची ती अकरा मिनिटं पडद्यावर लावली. दहा मिनिटं पोटतिडकीने बोलले, घाम, रबर, गुणगुण, केस, सगळं काढलं. माझ्याच पट्टीविरुद्ध मी एवढी भांडले की दशांश खालून माझी ओढणी ओढत होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा वर केला, पडद्याजवळ जाऊन बघितलं, पुन्हा बघितलं. मग एवढंच विचारलं, "हे कोण आहेत?" मी म्हटलं, एक वायरमन आहेत. वय? त्रेसष्ट. "अजून शिडीवर चढतात?" मी हो म्हटलं. त्या माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "तुमची पट्टी उत्तम आहे." पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या, परवानगी मिळाली, बाईंनी मला मिठी मारली, आणि मी ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं, पोरगी किती हळवी आहे, यश सोसत नाही.

असो. असं सगळं इकडचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, या पोरखेळांचं काय एवढं. येत्या शनिवारी मी सहजच तुमच्याकडे येईन, काही विशेष नाही, मामीच्या हातचं जेवून बरेच दिवस झाले म्हणून. तोवर प्रकृतीला जपावं. मामीस नमस्कार.

तुमची भाची

ता. क. – सहज नाही. डॉक्टरीणबाई तुमच्याच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बसतात आणि त्यांनी मंगळवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे. त्या म्हणाल्या, हे वेळेत कळलं तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं. वेळेत नाही कळलं तर काय, तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. मामा, मी जन्मात तुमच्याकडे हट्ट केला नाही (सायकल सोडून). हा एक करतेय. जा.

ता. क. २ – मामी, हे तुझ्यासाठी, मामांना वाचून दाखवू नकोस. शिडी शेजाऱ्यांकडे देऊन टाक. ती मोठी आणि ती घडीची, दोन्ही. कुठे गेली विचारलं तर शेजारी रंग काढतायत म्हण.

ता. क. ३ – हे टपाल कचेरीतल्या बाकावर बसून लिहितेय. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पत्र पोचायला तीन दिवस लागतील. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं, आणि तसंच परत ओढून घेतलं. तीन दिवसांत तुम्ही किती शिड्या चढाल? इथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या मला म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत तुम्हालाच धीर नसेल तर मामांना आज घेऊन या, मी सहापर्यंत आहे." स्टँडवर बस उभी आहे.

ता. क. ४ – अक्षर वाईट आहे, कारण हे तुमच्या जिन्यात गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय. आतून तुमचा आवाज येतोय. शिडी सापडत नाही म्हणून तुम्ही मामीवर ओरडताय (मामी, तुला हे न सांगताच कसं सुचलं?) आणि आता स्टूल मागताय. मी समोर आले तर मला बोलता येणार नाही, नुसतं रडू येईल, म्हणून पत्र दाराखालून सरकवतेय. तुम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेपर्यंत मी इथेच पायरीवर बसते. स्टँडवरून केलेली गाडी खाली थांबवून ठेवली आहे. वाचून झालं ना? मग त्या स्टुलावरून उतरा आणि दार उघडा.